आतून न लागणारी कडी

विद्यापीठाच्या आवारात बंदूकधारी शिरला तर तिथल्या माणसांनी आपला जीव कसा वाचवावा, या प्रश्नावर अमेरिकेत गेल्या दोन दशकांत जे लिहिले गेले, शिकवले गेले आणि कायद्यात उतरले, त्याचा मोठा भाग एका इमारतीच्या एका मजल्यावरील पाच वर्गखोल्यांकडे पुन्हा पुन्हा वळतो. व्हर्जिनिया राज्यातील ब्लॅक्सबर्ग या लहानशा गावी असलेल्या ‘व्हर्जिनिया टेक’ विद्यापीठाचा नॉरिस हॉल ही ती इमारत. सोमवार, १६ एप्रिल २००७ रोजी सकाळी तेथे दहा-अकरा मिनिटांत तीस माणसे मारली गेली; त्याआधी सुमारे अडीच तास आवारातल्याच एका वसतिगृहात त्याच हल्लेखोराने दोघांचा बळी घेतला होता. पाचही खोल्यांवर चालून आलेला माणूस एकच होता, त्याच्या हातातली दोन पिस्तुले तीच होती आणि वेळही जवळपास तीच होती. तरीही एका खोलीत बारा जण दगावले आणि त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या एका खोलीत कोणाला साधा ओरखडाही आला नाही. हा फरक कशाने पडला याचा शोध घेऊ लागले की नशीब आणि शौर्य या दोन नेहमीच्या उत्तरांच्या पलीकडे एक तिसरे, अगदी रुक्ष उत्तर हाती लागते, आणि ते दाराशी, कडीशी आणि इशारा पोहोचायला लागलेल्या वेळेशी निगडित आहे.

अमेरिकी पोलिसांच्या परिभाषेत अशा हल्लेखोराला ‘ॲक्टिव्ह शूटर’ म्हणतात. माणसांचा राबता असलेल्या जागी जो त्या क्षणी माणसे मारतो आहे किंवा मारण्याचा प्रयत्न करतो आहे, तो ॲक्टिव्ह शूटर, अशी तेथील केंद्रीय तपास संस्थेची, म्हणजे एफबीआयची, व्याख्या आहे. ओलीस धरणारा माणूस काहीतरी मागत असतो, त्यामुळे त्याच्याशी बोलणी करता येतात आणि वेळ काढणे पोलिसांच्या हिताचे ठरते. येथे मागणी नसते, म्हणून दवडलेले प्रत्येक मिनिट हल्लेखोराच्या पदरात पडते. एफबीआयने २००० ते २०१३ या काळातील अशा १६० घटना तपासल्या, तेव्हा ज्या ६३ घटनांचा कालावधी निश्चित करता आला त्यांपैकी ४४ घटना पाच मिनिटांच्या आत संपल्या होत्या आणि त्यांतल्याही २३ दोन मिनिटांच्या आत. एकूण घटनांपैकी सुमारे दोन-तृतीयांश पोलीस पोहोचण्यापूर्वीच मिटल्या होत्या. त्या चौदा वर्षांतील १६० घटनांपैकी महाविद्यालये व विद्यापीठे यांत घडलेल्या केवळ १२ होत्या, आणि अमेरिकेतील उच्चशिक्षण संस्थांची संख्या काही हजारांच्या घरात आहे, हे लक्षात घेतले तर एखाद्या विद्यार्थ्यावर हा प्रसंग ओढवण्याची शक्यता फारच थोडी ठरते. मुलगा किंवा मुलगी तिकडे शिकायला निघाली की घरच्यांच्या मनात जी भीती घर करते, तिच्याशी या आकड्याचा मेळ बसत नाही. मात्र ती वेळ आलीच, तर पहिली पाच मिनिटे ज्याची त्यालाच काढावी लागतात, हेही तोच अभ्यास सांगतो.

त्या सोमवारी पहिला गोळीबार वसतिगृहात सव्वासातच्या सुमारास झाला. पोलीस काही मिनिटांतच पोहोचले, परंतु हे प्रकरण ओळखीतून किंवा प्रेमसंबंधातून घडले असावे आणि संशयित आवाराबाहेर निघून गेला असावा, असा त्यांनी प्रारंभी समज करून घेतला. विद्यापीठाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचा गट बैठकीला बसला, संदेशाचा मजकूर ठरवू लागला, आणि सर्वांना पहिला ई-मेल गेला तो ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यात वसतिगृहात गोळीबाराची घटना घडल्याचे आणि सावध राहावे असे म्हटले होते. मारेकरी सापडलेला नाही, ही खरी गोष्ट त्यातून कोणाला उमगण्यासारखी नव्हती. नॉरिस हॉलमधील गोळीबार ९.४०च्या सुमारास सुरू झाला. ‘बंदूकधारी आवारात मोकळा आहे, इमारतीतच थांबा, खिडक्यांपासून दूर राहा’ अशा अर्थाचा दुसरा संदेश निघाला तेव्हा ९.५० झाले होते, आणि त्यानंतर जेमतेम मिनिटभराने हल्लेखोराने स्वतःवर गोळी झाडून घेतली. राज्यपालांनी नेमलेल्या चौकशी समितीने ऑगस्ट २००७ मध्ये दिलेल्या अहवालात या विलंबाची चिकित्सा केली आहे. व्हर्जिनिया राज्य पोलीस दलाचे माजी प्रमुख जेराल्ड मॅसेंगिल हे समितीचे अध्यक्ष होते. तिच्या निष्कर्षांतील सर्वांत बोचरा भाग असा, की विद्यापीठाच्या स्वतःच्या पोलीस दलाला असा संदेश परस्पर पाठवण्याची सोयच नव्हती. ज्यांना धोका आधी कळतो त्यांच्या हाती घंटेची दोरी नव्हती, आणि ती ज्यांच्या हाती होती ते शब्द निवडत बसले होते.

या विलंबाचे पडसाद कायद्यातही उमटले. १९८६ साली पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाल्यानंतर तिच्या आईवडिलांनी दिलेल्या लढ्यातून १९९० मध्ये ‘क्लेरी कायदा’ आला होता, आणि त्याने विद्यापीठांवर आवारातील गुन्ह्यांची माहिती जाहीर करण्याचे बंधन घातले होते. त्यात ‘वेळेवर इशारा’ देण्याचे कलम होते, पण वेळेवर म्हणजे कधी, हे मोघमच राहिले होते. २००८ मधील दुरुस्तीने त्याच्या जोडीला ‘तातडीची सूचना’ हा वेगळा प्रकार आणला: आवारातील माणसांच्या जिवाला तत्काळ धोका असल्याची खात्री पटताच, सूचना दिल्याने बचावकार्यातच अडथळा येणार नसेल तर, विलंब न लावता ती सर्वांना दिली पाहिजे. २०११ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने व्हर्जिनिया टेकला ५५ हजार डॉलरचा दंड ठोठावला, जो पुढे अपिलात कमी झाला. आज अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत भ्रमणध्वनी, ई-मेल, संगणकाचे पडदे आणि भोंगे अशा अनेक मार्गांनी एकाच वेळी सूचना जाते, आणि संदेशाचे साचे आधीच लिहून ठेवलेले असतात, जेणेकरून ऐनवेळी फक्त जागेचे नाव भरावे लागेल. तरीही यंत्रणा माणसांच्या हातातच राहते. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मिशिगन स्टेट विद्यापीठात रात्री सव्वाआठनंतर गोळीबार झाला आणि पहिली सूचना सुमारे बारा मिनिटांनी गेली. दोन्ही इमारतींतील गोळीबार तोवर होऊन गेला होता. तिघे विद्यार्थी त्यात मरण पावले. सूचनेची वाट पाहत बसू नये, स्वतःचे कान आणि डोळे हीच पहिली सूचना मानावी, हा धडा म्हणूनच प्रशिक्षणात आवर्जून दिला जातो.

कानांचेही मात्र एक दुखणे आहे. इमारतीच्या आत झालेला गोळीबार चित्रपटातल्यासारखा ऐकू येत नाही. भिंती, जिने आणि बंद दारे यांतून येताना त्याचा आवाज सुतारकामासारखा, लाकडी फळ्या आपटल्यासारखा किंवा फटाक्यांसारखा वाटतो. नॉरिस हॉलमध्येही अनेकांना तो बांधकामाचा आवाज वाटला, कारण त्या भागात बांधकाम खरोखरच चालू होते. मन अपरिचित गोष्टीला परिचित नाव देऊ पाहते, शिवाय वर्ग चालू असताना उठून दार लावणे हा वेडेपणा ठरेल अशी लाजही आड येते. त्यामुळे प्रशिक्षणात सर्वांत आधी या संकोचावरच बोट ठेवले जाते. आवाज चुकीचा ओळखून दार लावले तर दोन मिनिटांचे हसू होते. तो चुकीचा ओळखून दार उघडे ठेवले तर काय होते, हे नॉरिस हॉलच्या दुसऱ्या मजल्यावर दिसले. (अमेरिकी मोजणीत तळमजला हा पहिला धरतात, तेव्हा आपल्या हिशेबाने हा पहिला मजला; पुढे खिडकीतून उड्या मारलेले विद्यार्थी जिवंत का राहिले, याचे उत्तर अंशतः यात आहे.)

हल्लेखोराने इमारतीची तीनही मुख्य दारे आतून साखळ्यांनी जखडली आणि तो २०६ क्रमांकाच्या खोलीत शिरला. तेथे तमिळनाडूतून अमेरिकेत गेलेले जलशास्त्राचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन पदव्युत्तर वर्ग घेत होते. पहिली खोली असल्याने या वर्गाला कसलीच पूर्वसूचना मिळाली नाही, आणि प्राध्यापकांसह दहा जण तेथे मारले गेले. समोरच्या २०७ क्रमांकाच्या खोलीत जर्मन भाषेचा वर्ग होता, तेथे शिक्षक आणि चार विद्यार्थी गेले. परंतु या खोलीची कथा तेवढ्यावर संपत नाही. हल्लेखोर बाहेर पडताच वाचलेल्या चौघांनी, ज्यांपैकी दोघे जखमी होते, दाराकडे धाव घेतली आणि ते हातापायांनी दाबून धरले. मात्र धरताना अंग जमिनीलगत ठेवले आणि दाराच्या पाठीमागे न राहता बाजूला सरकून राहिले. तो मिनिट-दोन मिनिटांत परतला, त्याने धक्के मारले, दार इंचभर किलकिले झाले, कडीच्या आसपास त्याने गोळ्या झाडल्या, आणि शेवटी तो निघून गेला. दार गोळी अडवेलच असे नसते, पण माणसाला मात्र ते अडवू शकते, आणि हल्लेखोराला घाई असते, ही दोन तथ्ये या एका इंचाच्या फटीत सामावलेली आहेत.

२११ क्रमांकाच्या फ्रेंच भाषेच्या वर्गाला शेजारचे आवाज ऐकू आले होते, तेथून पोलिसांना दूरध्वनीही झाला, आणि शिक्षिकेने दाराशी सामान लावण्याचा प्रयत्न केला. परंतु तो अपुरा ठरला, दार ढकलले गेले, आणि तेथे शिक्षिकेसह बारा जण मृत्यू पावले. २०४ क्रमांकाच्या खोलीत लिव्हिउ लिब्रेस्कू हे रुमानियात जन्मलेले, ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेले आणि नंतर इस्रायलमार्गे अमेरिकेत आलेले वयोवृद्ध प्राध्यापक शिकवत होते. त्यांनी दार अंगाने दाबून धरले, विद्यार्थ्यांना खिडक्यांकडे पिटाळले, आणि बरेच विद्यार्थी खाली उड्या मारून निसटले, काहींची हाडे मोडली तरी जीव वाचला. प्राध्यापक आणि मुंबईहून वास्तुशास्त्राच्या शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनी मात्र मारले गेले. राहिली २०५ क्रमांकाची खोली. तेथील विद्यार्थ्यांनी एक मोठे टेबल दाराला लावले आणि आडवे पडून ते रेटून धरले. हल्लेखोराने दार ढकलून पाहिले, त्यातून दोन गोळ्या झाडल्या, आणि तो पुढे गेला. या खोलीतील एकही माणूस जखमी झाला नाही.

याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर प्राध्यापक केव्हिन ग्रनाटा यांनी शेजारच्या वर्गातील सुमारे वीस विद्यार्थ्यांना आपल्या कार्यालयात घेतले आणि ते कुलूपबंद केले. मग खाली काय चालले आहे हे पाहायला ते स्वतः उतरले आणि मारले गेले. कार्यालयात कोंडून घेतलेले सर्व जण वाचले. कार्यालयांना कुलूप होते, कारण तेथे कागदपत्रे आणि संगणक असतात. वर्गखोल्यांना आतून कडी नव्हती, कारण तेथे फक्त माणसे बसत. हा दोष एकट्या व्हर्जिनिया टेकचा म्हणता येणार नाही. त्या काळी बहुतेक विद्यापीठांत असेच होते, आणि त्यामागे निव्वळ निष्काळजीपणा नव्हता.

दाराच्या शास्त्रावर हुकूमत चालते ती आगीची. अमेरिकेतील इमारत संहितांनी शंभर वर्षांहून अधिक काळ मोठ्या आगींतून धडे घेत एक तत्त्व पक्के केले आहे: माणसाला आतून बाहेर पडताना किल्ली, विशेष कसब किंवा एकाहून अधिक हालचाली लागता कामा नयेत. ज्या खोलीत पन्नास किंवा अधिक माणसे बसतात तिचे दार बाहेरच्या दिशेने उघडले पाहिजे, म्हणजे आतून लोंढा आला तरी ते अडणार नाही. हे तत्त्व आगीत जीव वाचवते आणि गोळीबारात गोत्यात आणते, कारण बाहेर उघडणाऱ्या दाराला आतून कितीही बाके लावली तरी बाहेरचा माणूस ते सहज ओढून उघडतो. १ जून २०१६ रोजी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात आयआयटी खरगपूरहून शिकून गेलेल्या एका माजी संशोधक विद्यार्थ्याने एका प्राध्यापकाची हत्या करून आत्महत्या केली, तेव्हा आवार बंद झाले आणि शेकडो विद्यार्थ्यांना हा प्रश्न प्रत्यक्ष पडला. दारे बाहेर उघडणारी, कडी नाही, आणि बाके जमिनीत बोल्टांनी रोवलेली. मुलांनी कमरेचे पट्टे काढले आणि दार आपोआप मिटवणाऱ्या दांड्याच्या सांध्याला आवळले. कोणी विजेच्या वायरी मुठीला बांधून दुसरे टोक रोवलेल्या खुर्चीला ओढून बांधले. त्या दिवशी काढलेली छायाचित्रे आजही प्रशिक्षणात दाखवली जातात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी पट्ट्याने जे साधले, ते काम कारागिराने आधीच करून ठेवायला हवे होते, असे ती छायाचित्रे पाहताना वाटल्याशिवाय राहत नाही. ‘आतून एका हालचालीत उघडेल, पण बाहेरून उघडणार नाही’ असे कुलूप ही काही अशक्य वस्तू नव्हे. ते बाजारात मिळते, संहितेतही बसते, आणि मिशिगन स्टेटनेही २०२३ नंतर वर्गांना कुलपे बसवण्याचे काम हाती घेतले. आधी का नाही, याचे उत्तर खर्चाच्या तक्त्यात असते.

आगीचा आणि गोळीबाराचा हा गुंता आणखी एका ठिकाणी दिसतो. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलँडच्या शाळेत, जेथे १७ जण मारले गेले, गोळीबाराने उडालेल्या धुरळ्यामुळे आगीची घंटा वाजू लागली आणि वरच्या मजल्यावरील मुले नेहमीच्या सरावाप्रमाणे वर्गातून मार्गिकेत आली. तेव्हापासून सल्ला असा दिला जातो की गोळीबाराची शंका असताना आगीची घंटा ऐकू आली, तर धूर किंवा ज्वाळा प्रत्यक्ष दिसल्याशिवाय आंधळेपणाने बाहेर पडू नये.

व्यक्तीने काय करावे, याची आज सर्वत्र सांगितली जाणारी त्रिसूत्री म्हणजे ‘पळा, लपा, लढा’. केंद्र सरकारच्या निधीतून ह्यूस्टन शहराने २०१२ मध्ये काढलेल्या एका छोट्या चित्रफितीने ती घरोघरी पोहोचवली. टेक्सस स्टेट विद्यापीठातील प्रशिक्षण केंद्राने, जे ‘ॲलर्ट’ या नावाने ओळखले जाते, तीच कल्पना ‘टाळा, अडवा, बचाव करा’ अशी मांडली, आणि तीन क्रियांपैकी मधल्या क्रियेला ‘लपा’ऐवजी ‘अडवा’ म्हटल्याने बरीच स्पष्टता आली. टेबलाखाली अंग चोरून बसणे म्हणजे सुरक्षित होणे नव्हे. २०५ क्रमांकाची खोली वाचली ती तिथली माणसे लपली म्हणून नव्हे, त्यांनी वाट अडवली म्हणून. पळण्याचा पर्याय पहिला आहे, कारण अंतर वाढले की नेम चुकतो आणि दोन भिंती आड आल्या की बहुधा धोकाच सरतो. मात्र पळताना दप्तर, लॅपटॉप यांचा मोह सोडावा लागतो. जो यायला तयार नाही त्याला एकदा सांगून पुढे व्हावे लागते. आणि इमारतीबाहेर पडल्यावर दारासमोर घोळका करून उभे राहण्याची सवय मोडावी लागते. आडोशाचेही दोन प्रकार ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. जिप्समची पातळ भिंत, लाकडी कपाट किंवा मोटारीचे दार माणसाला फक्त नजरेआड करते, तर काँक्रीटचा खांब, जाड विटांची भिंत किंवा मोटारीच्या इंजिनाचा भाग गोळीआड करतो. अमेरिकेतील नव्या इमारतींत काच आणि जिप्सम यांचेच राज्य असल्याने हा फरक पुस्तकी राहत नाही.

दार अडवायचे ठरले तर क्रम असा सांगतात: कडी असेल तर ती आधी, मग आत उघडणाऱ्या दाराला जड सामान किंवा पाचर, बाहेर उघडणाऱ्याला पट्टा किंवा दोरी, दिवे घालवावेत, दाराच्या काचेवर कागद किंवा कोट टांगावा, आणि सर्वांनी एका कोपऱ्यात गठ्ठा न करता दाराच्या रेषेतून बाहेर, भिंतीलगत विखरून बसावे. फोन पूर्ण मुका करावा; नुसत्या थरथरीचा आवाजही शांत खोलीत बाकावर स्पष्ट ऐकू येतो.

‘लढा’ या तिसऱ्या सूत्रावर टीका पुष्कळ झाली आहे, आणि तिच्यात तथ्य आहे; निःशस्त्र विद्यार्थ्याला बंदुकीसमोर उभे राहायला सांगणे म्हणजे समाजाने आपली जबाबदारी त्याच्या खांद्यावर टाकणे होय, असे टीकाकार म्हणतात. परंतु एफबीआयच्या त्या १६० घटनांपैकी २१ घटना निःशस्त्र नागरिकांनीच हल्लेखोराला आवरून संपवल्या, ही नोंदही नजरेआड करता येत नाही. २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट येथील वर्गात एका विद्यार्थ्याने हल्लेखोरावर झेप घेऊन त्याला पाडले. तो स्वतः मरण पावला, पण गोळीबार तेथे थांबला. प्रशिक्षक हे उदाहरण आदर्श म्हणून मांडत नाहीत. त्यांचे म्हणणे इतकेच, की दार फुटले आहे, पळायला वाट नाही आणि तो आत येतो आहे, अशा स्थितीत निपचित पडून राहण्यापेक्षा अनेकांनी एकदम खुर्च्या, अग्निशामक नळकांडे, हाती येईल ते फेकत तुटून पडण्यात जगण्याची शक्यता जास्त आहे.

पोलिसांची पद्धतही याच काळात बदलली. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत पहिले पोलीस बाहेर घेरा टाकून विशेष पथकाची वाट पाहत राहिले, आणि एक जखमी शिक्षक मदतीअभावी काही तासांनी मरण पावला. त्यानंतर नियम उलटा झाला: जे पोलीस आधी पोहोचतील त्यांनी थेट आवाजाच्या दिशेने जायचे. नॉरिस हॉलमध्ये पोलीस पहिल्या दूरध्वनीनंतर तीन मिनिटांत दारापाशी होते, पण साखळ्यांमुळे आत शिरायला आणखी पाच मिनिटे गेली आणि शेवटी एका बाजूच्या दाराचे कुलूप बंदुकीने उडवावे लागले. २०२२ मध्ये टेक्ससमधील उव्हाल्डी येथील प्राथमिक शाळेत मात्र पोलीस ७७ मिनिटे खोळंबले आणि १९ मुले व दोन शिक्षक मारले गेले, त्यावरून नियम लिहिला जाणे आणि पाळला जाणे यांतले अंतर कळते. आत शिरणारे पहिले पथक जखमींसाठी थांबत नाही, ते ओलांडून पुढे जाते. हे क्रौर्य नसून क्रम आहे, हे आधी ठाऊक असले तर त्या क्षणी माणूस खचत नाही. पोलिसांना सामोरे जाताना हात रिकामे, बोटे पसरलेली आणि वर हवीत. हातातला काळा फोन दुरून काहीही वाटू शकतो. बंद खोलीचे दार कोणी ठोठावले म्हणून उघडू नये. ‘पोलीस’ असे कोणीही ओरडू शकते.

गोळी लागलेला माणूस बहुधा रक्तस्रावाने दगावतो, आणि हातापायाच्या जखमेत तो वाचवता येण्याजोगा असतो. २०१२ मधील सँडी हुक शाळेच्या हत्याकांडानंतर शल्यचिकित्सकांनी २०१३ मध्ये ‘हार्टफर्ड सहमती’ नावाची शिफारस तयार केली आणि तिच्यातून २०१५ मध्ये ‘स्टॉप द ब्लीड’ ही सामान्य माणसांना रक्तस्राव थांबवणे शिकवणारी मोहीम निघाली. तिचा गाभा साधा आहे: जखमेवर पूर्ण भार देऊन दाब, खोल जखमेत कापड ठासणे, आणि हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, रक्त थांबेपर्यंत घट्ट आवळलेला बंध, ज्याला टूर्निके म्हणतात. तो बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि मध्येच सैल करू नये. नॉरिस हॉलमधील एका विद्यार्थ्याने ही मोहीम जन्मण्याच्या आठ वर्षे आधी, मांडीची रोहिणी फुटलेली असताना, विजेची वायर पायाला आवळून स्वतःचा जीव वाचवला होता.

हे सारे मराठी वाचकाला परके वाटू नये, याला एक सरळ कारण आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या ३ लाख ३१ हजार ६०२ होती, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वाधिक, आणि मुंबई-पुण्यापासून नाशिक-नागपूरपर्यंत अशी घरे ठायी ठायी आहेत. ब्लॅक्सबर्गमध्ये एप्रिलमधील सकाळचे ९.४० म्हणजे महाराष्ट्रात संध्याकाळचे ७.१०, दूरचित्रवाणीवरील बातम्यांची वेळ. तेव्हा पहिला हात फोनकडे जाणार हे उघड आहे. फोन न करणेच हिताचे. एक तर त्या घडीला दूरध्वनीच्या जाळ्यावर ताण असतो आणि मजकुराचा संदेश आवाजी फोनपेक्षा सहज पोहोचतो. दुसरे असे, की लपलेल्या माणसाच्या खिशात वाजणारा फोन त्याचा ठावठिकाणा सांगतो. घरच्यांसाठी उपयोगाची गोष्ट त्याच्या कितीतरी आधी करण्याची आहे: विद्यार्थ्याने तिकडचा नवा क्रमांक विद्यापीठाच्या सूचना यंत्रणेत नोंदवला आहे का, हे विचारणे. जाताना नेलेले भारतीय सिम बहुधा पुढे बंद पडते आणि अर्जातला क्रमांक मात्र तोच राहतो. पहिल्या आठवड्याच्या परिचय-सत्रात दाखवली जाणारी सुरक्षेची चित्रफीतही बँकेच्या खात्याच्या आणि भाड्याच्या घराच्या घाईत बहुतेकांच्या नजरेतून निसटते.

प्रतिबंधाचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, तरी एक गोष्ट येथेच नोंदवावी लागते. व्हर्जिनिया टेकच्या हल्लेखोराबद्दल, ज्याचे नाव अशा माणसांना प्रसिद्धी न देण्याच्या तिकडे रूढ होत असलेल्या संकेतानुसार येथे घेतलेले नाही, इशारे कमी नव्हते. तेथे शिकवणाऱ्या कवयित्री निकी जोव्हानी यांनी २००५ मध्येच त्याला आपल्या वर्गातून काढण्याचा आग्रह धरला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने त्याला मानसोपचार घेण्याचा आदेश दिला होता, जो शस्त्रखरेदीच्या तपासणी यादीपर्यंत पोहोचलाच नाही. प्रत्येक विभागाकडे एकेक तुकडा होता आणि खासगीपणाच्या कायद्याच्या अतिसावध अर्थामुळे ते तुकडे एकत्र आले नाहीत. २००८ मध्ये व्हर्जिनियाने सार्वजनिक विद्यापीठांना ‘धोका-मूल्यमापन पथक’ सक्तीचे केले, ज्यात प्राध्यापक, समुपदेशक, वसतिगृहाचे अधिकारी आणि पोलीस एका टेबलाशी बसतात.

अलीकडे या व्यवस्थेपुढे एक नवेच संकट उभे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये, नवे सत्र सुरू होतानाच, व्हिलानोव्हा आणि टेनेसी विद्यापीठाच्या चॅटानूगा शाखेपासून पुढे अनेक विद्यापीठांत बंदूकधारी शिरल्याचे खोटे दूरध्वनी आले. काही वेळा पार्श्वभूमीला गोळ्यांचा आवाजही वाजवलेला होता. आवारे बंद झाली, विद्यार्थी दारांना टेबले लावून बसले, सशस्त्र पोलीस खोल्याखोल्यांतून फिरले, आणि काहीच नव्हते असे निघाले. यंत्रणा जितकी तत्पर, तितकी ती अशा खोडसाळांच्या हाती सोपी, हा पेच अजून सुटलेला नाही. आत बसलेल्या माणसाला तर खरे-खोटे ठरवण्याचा मार्गच नसतो, म्हणून त्याने प्रत्येक सूचना खरी धरावी हेच शिकवले जाते.

आणि खरी असो वा खोटी, ती संपायला वेळ लागतो. गोळीबार काही मिनिटांचा असला तरी ‘सर्व ठीक’ची सूचना इमारतीची प्रत्येक खोली तपासल्याशिवाय देता येत नाही. मिशिगन स्टेटमध्ये हल्लेखोर आवारापासून काही मैलांवर पोलिसांना सापडेपर्यंत मध्यरात्र उलटायला आली होती, आणि हजारो विद्यार्थी जवळपास चार तास अंधारात, कोंडलेल्या खोल्यांत होते. इतका वेळ बसायचे तर स्वच्छतागृहाचा प्रश्न येतो, मधुमेही विद्यार्थ्याच्या इन्सुलिनचा आणि दमेकऱ्याच्या श्वासपंपाचा येतो, पडद्यावर सतत बातम्या पाहिल्याने संपत आलेल्या फोनच्या बॅटरीचा येतो. पुढची अधिकृत सूचना त्याच फोनवर यायची असते, त्यामुळे खोलीतील एकाने तो चालू ठेवावा आणि बाकीच्यांनी बंद करावेत, एवढे जरी पहिल्या पाच मिनिटांत ठरले तरी उरलेले तास निभावतात.